माझ्या जागी माझी बहीण

४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आता मध्येच ‘अगं पण ताई’ म्हणायची सोय नाही.

आमच्या शाळेत ये. झालं, सांगून टाकलं. आता कारणं ऐक.

इथं गणिताच्या दोन जागा आहेत आणि गेली दोन वर्षं मी एकटी आहे. पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं माझ्या गळ्यात. एका वर्गाला उदाहरणं घालून द्यायची, दुसऱ्या वर्गात पळायचं, तिथला फळा भरेपर्यंत पहिल्या वर्गात मारामारी. पालिका दर वर्षी जाहिरात देते. माणसं येतात, इमारत बघतात, गोड हसतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मागच्या वर्षी एकजण रुजू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाचा फोन आला, की तो आजारी आहे. तो अजून आजारीच आहे.

खोटं कशाला सांगू, शाळा काही देखणी नाही. मागच्या भिंतीला ओल आहे. पंखे आहेत, पण फिरतो एखादाच. तिघांच्या बाकावर पाचजण बसतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मनाने चांगल्या, पण शिक्षण कार्यालयातून फोन आला की खुर्चीतून उठून उभ्याने बोलतात. हे सगळं आधीच सांगते आहे. नंतर म्हणू नकोस.

पण पोरं! तुझ्या त्या खासगी शाळेतली पोरं गणित सुटलं तरी वर बघत नाहीत. आमच्याकडे एखाद्याला अपूर्णांक कळला की तो बाकावर उभा राहतो. लहानपणी तुमच्या जिन्यावर मी तुला पाढे शिकवायची आणि जमलं की तू गरगर फिरायचीस, आठवतं? भिंगरी हे नाव तुला मीच दिलं. ती भिंगरी आता तिथं नुसती पगारी मास्तरीण होऊन बसली आहे.

पाचवी ते सातवी तू घे, वरचे वर्ग माझे. आपले वर्ग शेजारी शेजारी. मधे नुसतं लाकडी पार्टिशन आहे, तू खडू आपटलास तरी मला ऐकू येईल. अडलीस की ठोक.

काकांना मी समजावते, मावशी माझ्याच बाजूने असेल.

तुझी
ताई

१२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र आईने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आता मला लपवायला काही उरलं नाही. बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, “चांगली नोकरी टोचते का हिला?” आई म्हणाली, “तिच्या ताईजवळ जाते आहे, जंगलात नाही.” मग दोघांचं जुंपलं आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

खरं सांगू? बाबांचं पटतं मला. इथं माझ्या वर्गाला मोठी खिडकी आहे. वर्गात मुलं मोजकी. दुपारी मोकळा तास असतो, त्यात वह्या तपासून होतात. पण तू लिहिलंस ते लागलं. काल एका मुलाने अवघड उदाहरण सोडवलं, मी शाबासकी दिली, तर म्हणाला, “बाई, मला घरी शिकवायला येतात त्यांनी आधीच करून घेतलंय.” मग मी इथं नेमकी कशाला आहे?

दोनच प्रश्न विचारते. एक, तुमच्याकडची माणसं का जातात? इमारत बघून पळणारी नव्हेत. राहिलेली, वर्ष-दीड वर्ष शिकवलेली माणसं का जातात?

आणि दुसरा. तू असशील ना? हसू नकोस. मी काही शाळा सुधारायला निघालेली नाही. तेवढी माझी छाती नाही. मला एवढंच माहीत आहे, की तू पलीकडच्या वर्गात असलीस तर मला काहीही जमेल.

तुझी
भिंगरी

१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

माणसं का जातात ते मी तुला सांगते, कारण कार्यालयातल्या साहेबांना ते कधीच कळलेलं नाही. त्यांना वाटतं ओल आली म्हणून जातात, पगार लांबतो म्हणून जातात. त्याने चिडचिड होते, पण जात कुणी नाही. पहिल्या वर्षी माणूस एकटा पडतो. वर्गात काहीतरी बिनसतं आणि ते सांगायला शाळेत कुणी नसतं, कारण जो तो दोन माणसांचं काम ओढत असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहामाहीपर्यंत त्याची खात्री पटते, की आपल्यातच काही कमी आहे. मग तो राजीनामा देतो आणि कारण लिहितो ‘घरगुती’. नव्या माणसाला पहिलं वर्षभर एक जुनं माणूस द्या, निम्मी भरती आपोआप टिकेल. हे मी तीनदा लिहून दिलं. कागद गेले कुठे देव जाणे.

आणि ‘तू असशील ना’ हा काय प्रश्न झाला? वेडी कुठली!

मोठ्या बाईंना तुझं नाव सांगून ठेवलं आहे. अर्ज महिनाअखेरीच्या आत जायला हवा. काकांना वेगळं पत्र टाकलं आहे, ते आता फार ताणणार नाहीत. तिथला राजीनामा देऊन टाक. उगीच एक पाय इथं, एक पाय तिथं नको.

तुझी
ताई

९ जून

प्रिय भिंगरी,

घाईत लिहिते आहे. तू रुजू होशील तेव्हा मी शाळेत नसेन. पालिकेने अचानक प्रशिक्षणाला धाडलं. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर आता आम्हाला शिकवायचं कसं ते शिकवणार आहेत! गाव लहान आहे, हवा बरी आहे. पत्ता वर लिहिला आहे, पत्रं इथंच टाक.

घाबरू नकोस. पहिल्या दिवशी आवाज चढवू नकोस, दारात उभी राहून एकेकाला नाव विचारून आत घे. अर्धं काम तिथंच होतं. मोठ्या बाईंना माझ्याबद्दल फार विचारू नकोस, त्या आधीच वैतागलेल्या आहेत.

तुझी
ताई

२७ जून

प्रिय ताई,

मी जिवंत आहे.

तू येईपर्यंत तुझेही वर्ग माझ्याकडे दिलेत. पाचवी ते दहावी. दारात उभं राहून नाव विचारायची युक्ती पाचवीत जमली. दहावीत एकाने पालिका आयुक्तांचं नाव सांगितलं आणि ऐटीत आत गेला. मला हसू आलं, मग सगळेच हसले, आणि तो तास बरा गेला. बाकीचे बरे गेले असं नाही. बुधवारी सहावीला उदाहरणं देऊन नववीत गेले. परत आले तर दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून आणि बाकीचे बाकांवर उभे. मी ओरडले. इतकी, की माझा मलाच आवाज ओळखू येईना. मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत कडी लावून रडले. बाहेर आले तेव्हा शिपाईकाका म्हणाले, “नवीन बाई सगळ्या इथंच रडतात. आत खुर्ची ठेवू का?”

पण काल आठवीत सावलीवरून उंची कशी काढायची ते शिकवलं आणि मुलांना अंगणात नेलं. झेंड्याच्या खांबाची सावली मोजली. खांब किती उंच ते आधी कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. उत्तर आलं तेव्हा पोरं खांबाकडे अशी बघायला लागली, जणू तो आत्ताच उगवलाय. ताई, तू म्हणालीस ते खरं आहे. अशी पोरं मला तिथं मिळाली नसती.

मोठ्या बाई माझ्याशी फारच गोड वागतात. रोज बोलावून चहा देतात, बाकीच्यांना देत नाहीत. त्यांना तुझा शब्द किती मोलाचा वाटतो! मात्र शिक्षकखोलीत तुझा विषय काढला की गप्प होतात सगळे. चित्रकलेचे सर तर लगेच पेन्सिलीला टोक करायला घेतात. तुझी आठवण येत असेल त्यांना.

प्रशिक्षण कधी संपतं? मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते.

तुझी
भिंगरी

१५ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. सावलीचा धडा छान. मी कधी त्यांना अंगणात नेलं नाही, नेण्याइतका दम उरायचा नाही.

सहावीतल्या त्या दोघींना वेगळं बसवू नकोस, एकाच बाकावर बसव आणि दोघींना मिळून फळा पुसायचं काम दे. दहावीचा आयुक्त हुशार आहे. त्याच्याकडून गृहपाठाची आठवण करून घे, तो मग स्वतःही करून आणतो. आणि घसा सांभाळ. कोमट पाणी जवळ ठेवत जा.

प्रशिक्षण लांबलं आहे. कधी संपेल ते इथं कुणी नीट सांगत नाही. तू खुणा करत बसू नकोस.

तुझी
ताई

२१ ऑगस्ट

ताई,

पहिल्या बाकावरची ती मुलगी, जिला तू वकिलीणबाई म्हणायचीस, तिने काल आठवीच्या तासाला माझ्याशी वाद घातला. मी दाखवलेली रीत लांबलचक आहे, तुझी सोपी होती, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, “ठीक आहे, तुमच्या बाई परत आल्या की त्यांनाच विचारू.”

ती म्हणाली, “त्या कुठं येणार आता?”

मी म्हटलं, “प्रशिक्षण संपलं की येतील.”

ती समजुतीच्या सुरात, माझी कीव आल्यासारखी बोलली. “बाई, त्या गेल्या. त्यांनी मार्चमध्येच सांगितलं होतं सगळ्यांना. मी चालले, पण रडायचं नाही, माझ्या जागी माझी बहीण येणार आहे. आम्ही तुमची वाटच बघत होतो.” आणि अख्खा वर्ग एका सुरात “होऽ” म्हणाला.

मार्चमध्ये. मला तू एप्रिलमध्ये लिहिलंस.

तास कसा संपवला ते मला माहीत नाही. तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चहा मागवायला हात वर केला, मी म्हटलं, “चहा नको. ताई कुठे आहे?”

त्या दाराकडे बघायला लागल्या. मग सगळं सांगितलं. अर्ध्या वर्षातून माणसं सोडून जायला लागली म्हणून कार्यालयाने नियम काढला, की ज्याला जायचं असेल त्याने आपल्या विषयाचा बदली माणूस आणून द्यायचा. तोपर्यंत सोडणार नाहीत, आणि इथून सोडल्याचा दाखला नसेल तर दुसरी शाळा घेणार नाही. तू आणून दिलास. मी रुजू झाल्याची सही केली त्या दिवशी तुला दाखला मिळाला.

मी म्हटलं, “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगणार होते.”

“कधी?”

“सहामाही झाल्यावर.”

“सहामाही झाल्यावर का?”

त्या अगदी हळू म्हणाल्या, “तोपर्यंत तुम्ही मुलांत गुंतला असता.”

ताई, त्यांचा मला इतका राग नाही आला. त्या माझ्या कोण? चित्रकलेच्या सरांना माहीत होतं, शिपाईकाकांना माहीत होतं, सहावीतल्या पोरांना माहीत होतं. सगळ्या शाळेत एक मीच बावळट, कॅलेंडरवर खुणा करत बसलेली. तुझी जुनी पत्रं काढून पाहिली. ‘तू असशील ना’ असं मी विचारलं होतं. तू हो म्हटलंच नव्हतंस. मला वेडी म्हणालीस, आणि मी लाडाने म्हणालीस असं समजले.

नव्या माणसाला जुनं माणूस द्या, नाहीतर तो एकटा पडतो, हे तूच मला लिहिलंस ना? तुला नीट माहीत होतं मला कुठे लोटते आहेस ते. न कळत कुणी फसवलं तर माणूस समजून घेतो.

तिथं तू काय करतेस? खरं लिही.

भिंगरी

२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता माझं ऐक.

मी इथल्या शाळेत शिकवते. वर्गात वीस मुलं आहेत. पुस्तकांची वेगळी खोली आहे, बागेत बाक आहे. मला चार माणसांसारखं जगायचं होतं. हा गुन्हा आहे का?

तुला दोन आठवड्यांत नकाशांच्या खोलीत रडू आलं. मी तिथं सात वर्षं काढली. घशाच्या डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून सांगितलं. मास्तरणीला! तीनदा सोडायचा अर्ज केला, तीनदा तेच उत्तर, माणूस आणा. कुठून आणू? फेब्रुवारीत एकदा नववीला साधं समीकरण सोडवताना हात थांबला. पुढची पायरी आठवेना. पोरं बघत होती. खडू ठेवला, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिले. त्या दिवशी ठरवलं, आता बस.

तुला खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस? नाही ना? मग मी काय करायला हवं होतं?

आणि एक लक्षात घे. कुणालाही पकडून आणता आलं असतं. गणिताची पदवी असलेला कुणीही चालला असता. मी तुला आणलं, कारण त्या पोरांना चांगलं माणूस मिळावं असं मला वाटत होतं. माझ्या ओळखीत तुझ्याहून चांगलं कुणी नाही. हा तुझा मान आहे, असं समज.

जन्मभर अडकून राहा असं मी कुठं म्हणते? वर्ष-दोन वर्षं काढ. तुमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजींची मुलगी यंदा गणिताची पदवी घेऊन बसली आहे. तू म्हणजे तिला कोण वाटतेस! मी तिला शाळेबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. पुढचं तू बघ.

घरी काही बोलू नकोस. माझ्या आईला मी सांगितलं आहे, की मला मोठ्या जागेवर बोलावून नेलं.

तुझी
ताई

२० डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझ्याकडून काही नाही म्हणजे राग निवळला असावा. तू लहानपणीही अशीच. रुसायचीस, आणि मग काही न बोलता येऊन मांडीवर डोकं ठेवायचीस.

इथं बरं चाललं आहे. मुलं फार शिस्तीची. तास संपला की रांगेत उठून जातात. कधीकधी वाटतं, एखाद्याने तरी वाद घालावा. वकिलीणबाई कशी आहे?

मे महिन्यात घरी येणार आहे. तेव्हा सगळं मागं टाकू.

तुझी
ताई

१६ जून

ताई,

तुझ्या दोन्ही पत्रांना मी उत्तर दिलं नाही. त्याचा तू अर्थ लावलास, की राग निवळला. मे महिन्यात तू घरी आलीस तेव्हा मी मुद्दाम इथंच थांबले, त्याचाही तू असाच काही गोड अर्थ लावला असशील. राग निवळलेला नाही. काय लिहायचं ते ठरत नव्हतं, आज ठरलं.

आधी घरचं. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आईने तुझ्यासाठी स्वेटर विणला तो तुला मिळालाच असेल. ‘तिच्यामुळे तुला पालिकेची कायमची नोकरी लागली, तिचे उपकार विसरू नकोस,’ असं म्हणत म्हणत ती दिवाळीच्या सुट्टीत विणत होती, आणि मी समोर लोकरीचा गुंडा धरून बसले होते. मी गप्प राहिले ते मावशीसाठी. आपली मुलगी मोठ्या जागेवर गेली म्हणून ती जिन्यात भेटेल त्याला सांगते. तिच्या तोंडचं हसू मला काढून घ्यायचं नव्हतं.

घड्याळजींच्या मुलीचं पत्र जानेवारीत आलं. तुझ्या चार ओळींनी तिला पंख फुटले होते. ‘तुमच्या शाळेत जागा आहे म्हणे, तुमच्याबरोबर काम करायला मिळेल,’ असं बरंच काय काय. तो आठवडा वाईट होता. दहावीची सराव परीक्षा, घसा बसलेला, आयुक्ताचं वडिलांशी भांडण होऊन तो शाळेत येईनासा झालेला. मी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, की पोरं गोड आहेत. भिंतीची ओलही लिहिली, म्हणजे मी काही लपवत नाही असं तिला वाटावं. लिहिलं, की मी आहे ना. आणि तिथं थांबले. अक्षर माझं होतं, पत्र तुझं होतं. किती सोपं आहे ते, ताई. एका बैठकीत जमत होतं. फाडून टाकलं आणि तिला एवढंच कळवलं, की एप्रिलमध्ये पालिकेचा भरती मेळावा आहे, ये, तिथं मी बोलणार आहे, ऐक आणि मग ठरव.

मी बोलणार होते, कारण साहेबांनी मला निवडलं होतं. चांगली खासगी नोकरी सोडून आलेली, वर्षभर टिकलेली बाई. त्यांच्याकडे दाखवायला दुसरं होतं कोण? मोठा हॉल, कागदी फुलं, नव्याने पदवी घेतलेली शंभरेक माणसं. साहेबांनी ओळख करून दिली, “ह्या आपणहून आल्या.” मोठ्या बाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

मी काही भाषण केलं नाही. जे आहे ते सांगितलं. एका वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात, आणि आपली पाठ वळली की दोघी एकमेकींच्या झिंज्या धरतात. बायकांसाठी संडास नाही, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जावं लागतं आणि तिथली परिचारिका रोज तोंड वाकडं करते. पहिले तीन महिने रडू येतं, रडायला खोली आहे, आत खुर्चीही आहे. लोक हसले. मग सावलीचं सांगितलं, झेंड्याच्या खांबाचं. आयुक्ताच्या घरी मी तीनदा गेले, चौथ्यांदा तो स्वतः आला आणि परीक्षेला बसला, तेही सांगितलं. हे सगळं खरं आहे, मी म्हटलं, दोन्हीकडचं.

मागून एका माणसाने विचारलं, “मग तुम्ही का राहिलात?”

मी म्हटलं, “मला जाता येत नाही म्हणून.”

लोकांना ती थट्टा वाटली. मग मी बदली माणसाचा नियम वाचून दाखवला. “उद्या तुमचा कुणी जवळचा माणूस तुम्हाला आमच्या शाळेत बोलावेल,” मी म्हटलं, “तेव्हा त्याला एकदा विचारा, तू जाणार आहेस का? आणि तो हो किंवा नाही म्हणेपर्यंत सही करू नका.” तुझं नाव घेतलं नाही. साहेब उठून म्हणाले, “बाई, पुरे.” मी खाली बसले. निम्मा हॉल चहाच्या आधीच रिकामा झाला.

घड्याळजींची मुलगी बाहेर भेटली. डोळे लाल. “तुम्ही मला हे ऐकवायला बोलावलंत?”

“हो.”

“मग तुमच्या ताईंनी मला असं का लिहिलं?”

ती आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्याशी बोलत नाही, पण मी घरी गेले की घड्याळजी माझ्या घड्याळाला फुकट किल्ली देतात.

साहेबांनी मला बोलावून झापलं. मोठ्या बाई बरोबर होत्या. साहेब म्हणाले, “तुमच्यामुळे आता एकही माणूस येणार नाही.” मी काही बोलायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या, “साहेब, ह्यांना फसवून आणलं तेव्हा मी गप्प बसले. पुढच्या माणसाच्या वेळी मी बसणार नाही.” ह्या वेळी त्यांना कुणी उठवून उभं केलेलं नव्हतं, त्या आपल्या आपण उभ्या होत्या. शंभर माणसांत बोभाटा झाला होता, वर्तमानपत्रात येईल ही साहेबांना भीती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बदली माणसाचा नियम रद्द झाला. माझ्या म्हणण्यात तथ्य होतं म्हणून नव्हे, चारचौघांत उघडं पडलं म्हणून.

नियम रद्द झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चित्रकलेचे सर गेले. मला वाईट वाटलं. पण ते वर्गावर्गात जाऊन सांगून गेले, प्रत्येक मुलाचं एक एक चित्र मागून घेतलं, शिपाईकाकांना मिठी मारली. माणूस असाही जाऊ शकतो, ताई. तुला सात वर्षांनी जायचं होतं ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू एवढंच लिहिलं असतंस, की मी थकले आहे, मला सोडव, तर बाबांशी भांडून आले असते मी. तू विचारलंस, खरं सांगितलं असतं तर आली असतीस का? हो. आले असते. ते तू मला विचारूनच पाहिलं नाहीस.

मोठ्या बाईंनी आता मलाही विचारलं, जाणार का? मी सांगितलं, ह्या वर्षी आहे. पुढचं मार्चमध्ये सांगेन, तुम्हाला आणि मुलांना एकाच दिवशी.

तुझी आठवण येते, हे लिहिलं नाही तर तेही खोटं होईल. पण तुझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे आता प्रत्येक वाक्य उजेडात धरून बघावं लागतं, आणि बहिणीचं पत्र असं वाचायचं नसतं. तेव्हा काही काळ लिहू नकोस.

मेळाव्यातून आमच्या शाळेला एकच माणूस मिळालं. चाळिशीच्या बाई आहेत, आजवर मोटार चालवायला शिकवत होत्या. गणिताची पदवी कपाटात पडून होती म्हणाल्या. “घाबरलेल्या माणसाशेजारी शांत बसायची मला सवय आहे.” काल त्यांचा पहिला दिवस. सहावीचा तास संपवून शिक्षकखोलीत आल्या, घामाने थबथबलेल्या, दोन्ही हात खडूने पांढरे. खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, “संडास रस्त्यापलीकडे, दवाखान्यात, ना?”

“हो. आणि ती परिचारिका...”

“तोंड वाकडं करते. सांगितलं होतं तुम्ही.”

त्या पर्स तिथंच टेबलावर टाकून गेल्या. जरा वेळाने परत आल्या, हात पुसले आणि विचारलं, “सातवीत त्या भांडणाऱ्या दोघी कोण, ते आधी दाखवा बघू.”

तुझी मावसबहीण